हतनूरच्या फुगवट्याकाठी पहिली पायपीट

खानदेशाला समुद्र नाही. तरी पाण्याच्या कडेकडेनं, सपाट जमिनीवर, दम न लागता दोन-तीन तास चालायची हौस इथंही भागते. मध्य प्रदेशातल्या मुलताईहून निघालेली तापी ७२४ किलोमीटर वाहून सुरतेपुढे खंबातच्या आखातात शिरते. पण तिकडे पोचण्याच्या कितीतरी आधी, भुसावळ तालुक्यात, हतनूर धरणाच्या ४१ दरवाजांनी तिला अडवलेलं आहे. हे तुंबलेलं पाणी, म्हणजेच धरणाचा फुगवटा, मागं सरकत चांगदेव गावाजवळच्या संगमापर्यंत येतं आणि तिथून तापी व पूर्णा, दोन्हींच्या पात्रांत चढतं. वाटेतला प्रत्येक नाला, प्रत्येक घळ त्यानं भरलेली असते. काठावर उभं राहिलं की लहान लहान आखातं एकापुढे एक मांडून ठेवल्यासारखी दिसतात.

ज्यांनी कधी गड चढलेला नाही, ज्यांना पाठपिशवी आणि बुटांची नावं माहीत नाहीत, घरातल्या साठीच्या माणसाला आणि दहा वर्षांच्या पोराला बरोबर न्यायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. चढ नाही. थकवा येतो तो उन्हाचा आणि चिखलाचा, आणि या दोन्हींची तजवीज आधी करता येते.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की करा. इथं आखलेली वाट नाही. पाटी नाही, दगडावर रंगवलेला बाण नाही. कारण काठच एका जागी राहत नाही. पावसाळ्यात पूर येतो तेव्हा धरणाचे दरवाजे वर उचललेले असतात. पाऊस ओसरू लागला की ते खाली येतात आणि धरण भरून घेतात. मग पुढचे महिने पिण्याला, कारखान्यांना, कालव्यांना पाणी जात राहतं आणि काठ रोज थोडाथोडा आत सरकतो. दिवाळीनंतर जिथं पाणी होतं तिथं माघात हरभरा डोलत असतो. म्हणून मित्रानं सांगितलेली गेल्या वर्षीची वाट किंवा मोबाइलच्या नकाशावरची निळी कड धरून चालू नका. जमीन बघून वाट काढायची, हेच इथं शिकायचं असतं.

महिना ठरवा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यातही नवख्यानं डिसेंबर-जानेवारी धरावा. सकाळी हुडहुडी भरते, दहापर्यंत ऊन सुखाचं वाटतं आणि पाखरं भरपूर असतात. नोव्हेंबरात पाणी तुडुंब असल्यानं चालायला शेतांचे बांध तेवढे उरतात. फेब्रुवारीत जमीन मोकळी होते, पण साडेदहालाच डोकं तापायला लागतं. मार्चच्या मध्यानंतर जायचंच असेल तर नऊला परत गाडीपाशी असा. एप्रिल-मे सोडून द्या. भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळीसला टेकतो आणि फुगवट्याच्या उघड्या काठावर सावलीला झाड मिळत नाही.

पावसाळ्यात जाऊ नका, आणि हे मी आग्रहानं सांगतो आहे. तापी आणि पूर्णा दोन्हींची पाणलोटं लांब पसरलेली आहेत. इथं आभाळ निरभ्र असताना वर कुठे ढगफुटी झालेली असते. धरणातून किती पाणी सोडतात तेही काठावरच्या माणसाला दिसत नाही.

महाशिवरात्रीला चांगदेव-मुक्ताबाईची मोठी यात्रा भरते. त्या दिवसांत यात्रेसाठी जरूर जा, पायपिटीसाठी नको.

पोचायचं कसं

भुसावळ जंक्शनला उतरा. तिथून वरणगावमार्गे मुक्ताईनगरला जाणाऱ्या एसटी बस आणि वडाप गाड्या मिळतात. जुनी माणसं अजून त्या गावाला एदलाबादच म्हणतात, तेव्हा कुणी तसं म्हटलं तर गोंधळू नका. मुक्ताईनगरच्या अलीकडे महामार्गावर पूर्णेचा पूल लागतो. तिथं खिडकीतून पाणी नीट बघा. काठाला ओल्या गाळाचा रुंद पट्टा उघडा पडलेला दिसला तर पाणी नुकतंच उतरलेलं आहे आणि पुढे चिखल भेटणार. हिरवं रान थेट पाण्याला भिडलेलं असेल तर धरण भरलेलं आहे. मुक्ताईनगरहून चांगदेवला रिक्षा करा, आणि परतीची वेळ त्याच रिक्षावाल्या भाऊंशी ठरवून त्यांचा नंबर घ्या. पाण्याची बाटली, नाश्ता, स्वच्छतागृह हे सगळं मुक्ताईनगरलाच उरका. पुढे सोय धरून चालू नका.

सूर्य उगवल्यावर अर्ध्या तासात चालायला लागायचं, म्हणजे डिसेंबरात साडेसातच्या सुमारास. संध्याकाळची फेरी पहिल्या खेपेला टाळा. डिसेंबरात सहाच्या आतच सूर्य मावळतो, आणि अंधारात ओली माती व कोरडी माती सारखीच दिसते.

बरोबर काय घ्यायचं

नवे बूट विकत घ्यायची गरज नाही. शाळेचे कॅनव्हासचे बूट किंवा जुने, घट्ट बसणारे स्पोर्ट्स शूज पुरतात. चप्पल आणि सँडल नकोत. बाभळीचा काटा चपलेच्या तळव्यातून आरपार येतो आणि सराटे तर जागोजाग आहेत. पायमोज्यांचा एक जास्तीचा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घ्या. माणशी दीड लीटर पाणी, कारण नदीचं पाणी प्यायचं नाही. डोक्याला रुमाल किंवा उपरणं. कपडे मातकट, हिरवे, राखी. लालभडक शर्ट आणि चमकणारी टोपी लांबूनच पाखरं उडवून लावते.

आणि एक काठी. खांद्याइतकी उंच, अंगठ्यापेक्षा जाड. बाकी एखादी वस्तू विसरली तर चालेल, काठी विसरू नका. का ते पुढे येतंच.

खाण्यासाठी रावेर-यावलची केळी याहून सोपं काही नाही. सालं मात्र पिशवीत परत आणायची. कुणाच्या घरून कळण्याची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून मिळाली तर दहा वाजता काठावर बसून ती खाण्यात जे सुख आहे ते हॉटेलात नाही. हिवाळ्यात भरीतही न्यावं, पण ते शेवटी खा. भरीत-भाकरी खाल्ल्यावर पाय उचलत नाहीत.

दुर्बीण असेल तर ८ x ४२ मापाची (आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं) उत्तम. नसेल तर पहिल्या खेपेला तिच्यावाचून अडत नाही.

सुरुवात मंदिरापासून

चांगदेवाचं काळ्या दगडातलं जुनं मंदिर केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. चौदाशे वर्षं तप केलेला हा योगी, त्यानं ज्ञानदेवांना पाठवलेलं कोरं पत्र, आणि ते बघून मुक्ताबाईनं उच्चारलेले बोल, ही कथा इथल्या लहान पोरांनाही येते. मुक्ताबाई विजेच्या लोळात गुप्त झाली असं परंपरा सांगते, ते मेहूणही इथून जवळच, तापीकाठी. निघण्याआधी पंधरा मिनिटं मंदिरात थांबा. दर्शन तर होतंच, शिवाय सकाळच्या वेळी तिथं भेटणाऱ्या माणसाला दोन प्रश्न विचारता येतात: “दादा, सध्या पाणी चढतं आहे की उतरतं?” आणि “कोणत्या बाजूला चालण्यासारखं आहे?” दहा संकेतस्थळं वाचून कळणार नाही ते या दोन उत्तरांत मिळतं. “कुठी चालले भाऊ?” असं कुणी उलट विचारलं तर मोकळेपणानं सांगा. कोण कुठे गेलं हे गावात एकाला तरी ठाऊक असलेलं बरं.

मग संगमाकडे तोंड करून उभे राहा. एका हाताला तापी, दुसऱ्या हाताला पूर्णा. पहिल्या खेपेला दोन्ही काठ करायचा मोह धरू नका. जिकडची जमीन कोरडी सांगितली तो एकच काठ घ्या. दोन किलोमीटर जायचं, त्याच वाटेनं दोन किलोमीटर परत यायचं. सपाट रस्त्यावर आपण तासाला चार किलोमीटर सहज चालतो. इथं थांबत, बघत, वळसे घेत त्याच्या निम्मंच अंतर तोडलं जातं, म्हणून चार किलोमीटरना दोन ते अडीच तास धरा. मोबाइलवर एक तासाचा गजर लावून ठेवा. तो वाजला की कितीही पुढे जावंसं वाटलं तरी माघारी फिरायचं.

जाताना पाणी एका हाताला आणि गाव किंवा शेतं दुसऱ्या हाताला ठेवलं की वाट चुकत नाही. मात्र नाल्यात शिरलेली आखातं मधे येतात. पलीकडचा काठ वीस पावलांवर दिसतो आणि पाण्यातून पार करावंसं वाटतं. करू नका. नाल्याच्या तळाशी सगळ्यात जास्त गाळ बसलेला असतो. वळसा पाव तासाचा असला तरी वळसाच घ्या.

जमीन वाचायला शिका

हा भाग सावकाश वाचा, कारण इथं कुणी अडचणीत आलं तर बहुतेक वेळा ते मातीमुळेच येतं.

तापी-पूर्णेचा गाळ फार बारीक आहे, पिठासारखा. काळ्या रानातून वाहून आलेली ही माती पाणी धरून ठेवते आणि फुगते. पाणी मागं सरकलं की उन्हानं तिची वरची पापडी दोन-चार दिवसांत वाळते. आत मात्र आठवडेच्या आठवडे लगदा असतो. वरून बघणाऱ्याला ती पक्की जमीन वाटते.

पाच-सहा वर्षांपूर्वी मी भाच्याला घेऊन गेलो होतो. चक्रवाकांची जोडी थोडी जवळून दिसावी म्हणून नेहमीची वाट सोडून पाण्याकडे पंधरा-वीस पावलं गेलो, आणि उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. ओढायला लागलो तर डावाही रुतायला लागला. बांधावरून एक म्हातारे बाबा बघत होते. त्यांनी आधी ओरडून सांगितलं, “ओढू नका, बसा!” मी खरंच मागं बसलो. अंगाचं वजन पसरलं तसा पाय हळूहळू सैल झाला. काठी आडवी टाकून तिच्यावर दोन्ही हात टेकले आणि गुडघ्यावर रांगत बाहेर आलो. बाबांनी नंतर जे सांगितलं ते मी आजवर जपलं आहे: “भाऊ, चमकते ती माती खोटी. पांढरी पडून फाटली ती खरी.”

तेच थोडं उलगडून सांगतो. करडी-पांढरी पडलेली, तळहात आत जाईल इतक्या भेगा पडलेली जमीन चालायला चांगली, तिथं पाय मुरगळणार नाही एवढं बघायचं. भेगा केसाएवढ्याच असतील आणि रंग अजून काळपट असेल तर आधी टाच दाबून बघा. टाच टोकापर्यंत रुतली आणि खळग्यात ओल दिसली की माघार. जी माती आरशासारखी चकाकते, तिच्या वाटेला जाऊ नका, मग पलीकडे कितीही सुंदर पक्षी बसलेला असो. पक्ष्यांच्या पावलांचे ठसे बघून फसू नका, त्यांचं वजन ते किती! म्हशींचे खूर बघा. खुरांचे ठसे दोन बोटं खोल असले तर माणसाला ती जमीन पेलते. वीतभर खोल असले आणि त्यांत पाणी साचलेलं असलं तर नाही. शेळ्यामेंढ्यांनी पाडलेली पायवाट सापडली तर तीच धरा.

शंका आली की प्रत्येक पावलाआधी काठी पुढे टोचायची. सहज आत गेली तर पाऊल टाकायचं नाही. मुलांना आपल्या मागं, आपल्याच पावलावर पाऊल ठेवून चालायला लावा. त्यांना यात खेळ सापडतो आणि तुमच्या जिवाला घोर राहत नाही.

दुसरा धोका उभ्या काठाचा. दोन्ही नद्यांचे काठ गाळाचे आहेत आणि पाण्यानं ते खालून पोखरले जातात. वरून गवत असतं, खाली पोकळी. कड्याच्या टोकावर जाऊन फोटो काढू नका, टोकापासून दहा पावलं आत चाला.

पाण्यात उतरायचं नाही. पोहता येतं म्हणूनही नाही. रेती उपसलेले खड्डे वरून दिसत नाहीत, आणि मासेमारीची बारीक नायलॉनची जाळी पायात गुरफटतात. जाळं काठावर दिसलं तरी त्याला हात लावू नका, कुणाचं तरी पोट त्यावर आहे. काठाला बेशरमाची दाट झुडपं असतात, त्यांत घुसू नका. पाण्यात सळसळत जाणारी दिवड बिनविषारी असते, पण घोणस आणि नाग या रानातलेच आहेत. साप दिसला तर थांबा, त्याला जाऊ द्या. चावलाच तर चिरणं, आवळणं, मांत्रिक यांत वेळ घालवू नका. माणसाला शांत बसवा, चावलेला भाग हलू देऊ नका, १०८ ला फोन करा आणि मोठा दवाखाना गाठा.

गाळपेरातून जाताना

पाणी हटल्यावर उघडी पडलेली जमीन लोक कसतात, तिला गाळपेर म्हणतात. हरभरा, गहू, पुढे टरबूज-खरबूज. बाहेरून आलेल्याला ही मोकळी नदी वाटते आणि तो सरळ पिकातून चालत सुटतो. रांगेत उगवलेली चार पानं दिसली की समजा, ते कुणाचं तरी रान आहे. बांधावरून जा. बांध नसेल तर पिकाच्या वरच्या अंगानं जा. समोर शेतकरी असेल तर “रामराम दादा, इथून गेलो तर चालेल ना?” असं विचारून पुढे व्हा. नाही म्हणणारा मला अजून भेटलेला नाही, उलट हरभऱ्याचा डहाळा हातात मिळतो. मागून न विचारता उपटलेला डहाळा मात्र चोरीच. मावशी निंदायला बसलेल्या असतील तर त्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

पाखरं

पहिल्या दिवशी दहा जाती ओळखल्या तरी खूप झालं. सोप्यापासून सुरुवात करा. टिटवी तुम्हाला शोधायची नाही, तीच तुम्हाला शोधून साऱ्या काठाला वर्दी देते. ती ओरडली की जागीच दोन मिनिटं थांबा, बाकीचे पक्षी पुन्हा स्थिर होतात. काठीवर पंख पसरून वाळवत बसलेला काळा पक्षी पाणकावळा. लांब गुलाबी पायांचा, काळा-पांढरा शेकाट्या. पाण्यावर एका जागी फडफडत राहून दगडासारखा खाली पडणारा काळा-पांढरा खंड्या म्हणजे कवड्या. चोचीच्या टोकाला पिवळं आणि बुडाशी लाल ठिपका असलेलं बदक म्हणजे हळदी-कुंकू. नाव ठेवणाऱ्याची नजर किती घरगुती होती!

आणि वारकरी. काळाकुट्ट, कपाळावर पांढरा टिळा, शेकड्यांनी एकत्र. मुक्ताबाईची पालखी ज्या गावातून पंढरीला निघते, त्याच्या शिवारात दर हिवाळ्याला हे वारकरी जमतात. मी दरवेळी त्यांना बघून मनातल्या मनात हात जोडतो.

चक्रवाक नारिंगी रंगामुळे दुर्बिणीशिवायही ओळखू येतात, आणि बहुधा जोडीनंच असतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले राजहंसासारखे पक्षी दिसले तर तो पट्टकदंब. मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून तो इथवर येतो. त्याच्या थव्याला उडवू नका. इतका लांबचा प्रवास करून आलेल्या पाखराला चरायला आणि निजायला जागा हवी असते, आणि आपण फोटोसाठी त्याला उडवलं की त्याची तेवढी ताकद वाया जाते. एक खूण लक्षात ठेवा: चरणाऱ्या पक्ष्यानं मान वर केली म्हणजे तुम्ही पुरेसे जवळ आलात. सगळ्या थव्यानं माना वर केल्या म्हणजे जास्त जवळ आलात, दोन पावलं मागं जा.

सकाळी सूर्य पाठीशी येईल असं उभं राहा, रंग खरे दिसतात. समोर सूर्य घेतला तर सगळीच बदकं काळी.

घरात फारच लहान किंवा फारच म्हातारं माणूस असेल तर

मग हतनूर पुढच्या वर्षी. जळगावात मेहरुण तलावाच्या काठी सकाळी शहर फिरायला येतं, तिथं जा. धुळ्यात नकाणे तलाव आहे. नंदुरबारकडच्यांनी प्रकाशाला तापी-गोमाईच्या संगमावर जावं, नाहीतर तोरणमाळला यशवंत तलावाची फेरी मारावी. तिथली थंडी मात्र वेगळीच, स्वेटर न्या.

परतताना

येताना तेच पाणी दुसऱ्या हाताला असतं आणि ऊनही सरकलेलं असतं, त्यामुळे तीच वाट नवी वाटते. पाय थकलेले असतात, लक्ष घराकडे लागलेलं असतं आणि नेमकं तेव्हाच माणूस आखाताचा वळसा टाळायला बघतो. जाताना घेतला तोच वळसा येतानाही घ्या. बुटांना लागलेला गाळ तिथंच ओला असताना घासत बसू नका, तो आणखी शिवणीत शिरतो. घरी जाऊन वाळू द्या, मग दोन बूट एकमेकांवर आपटा, ढेकळं आपोआप सुटतात.

निघण्याआधी एक काम आठवणीनं करा. काठावरची एखादी ठळक बाभूळ किंवा मोठा दगड हेरून तिथून पाण्यापर्यंत पावलं मोजा आणि तारखेसह लिहून ठेवा. माझ्या वहीत एका बाभळीची अशी नोंद आहे. नोव्हेंबरात तिच्यापासून दोन मिनिटांत पाणी गाठलं होतं. होळीच्या आधी गेलो तेव्हा बारा मिनिटं लागली, आणि मधल्या सगळ्या पट्ट्यात कुणाच्या तरी टरबुजांचे वेल पसरले होते.